पोरीचा टाइम वाढला म्हणजे पोरगी स्लो झाली का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

नागपूरच्या एका आईने लिहिलंय. मुलगी सोळा वर्षांची, अकरावी सायन्सला, सातवीपासून शंभर अन् दोनशे मीटर पळते. ऑक्टोबरमध्ये जिल्ह्याच्या स्पर्धेत शंभर मीटर १२.४ मध्ये मारून पहिली आली, घरी पेढे वाटले. डिसेंबरमध्ये पुण्याला बालेवाडीत राज्याच्या स्पर्धेत १२.९४ आला, हीटमध्येच, म्हणजे फायनलआधीच्या फेरीतच पाचवी, फायनल हुकली. निकालाच्या कागदावर "-१.७" असं काहीतरी लिहिलेलं होतं, ते काय ते कोणी सांगितलं नाही. वडील म्हणतात दोन महिन्यांत अर्धा सेकंद मागे गेली, आता बंद करा आणि नीटचा अभ्यास करू द्या, काहून पैसे घालवायचे. शेजारचे काका म्हणतात पुणं उंचावर आहे, दम लागला असेल. पुण्याच्या एका अकॅडमीवाल्याने सांगितलंय की पोरीला आमच्याकडे ठेवा, तीन महिन्यांत अर्धा सेकंद कमी करून दाखवतो. मुलगी तेव्हापासून गप्प आहे, प्रॅक्टिसला जाते पण टाइम विचारला की चिडते. आईचा प्रश्न असा, की ती खरंच स्लो झाली का, की मन लावून पळलीच नाही? आणि पुण्याला पाठवायचं की थांबवायचं?

ताई,

तुमच्या पत्रात दोन आकडे आहेत आणि घरातला सगळा वाद त्या दोन आकड्यांवर चाललाय, म्हणून आधी त्यांच्याबद्दलच बोलू, पुण्याचं नंतर. तुम्ही सगळ्यांनी, म्हणजे तुम्ही, तिचे बाबा, शेजारचे काका, तो अकॅडमीवाला, सगळ्यांनी एक गोष्ट धरूनच चाललाय की १२.४ आणि १२.९४ या एकाच मापाच्या गोष्टी आहेत. त्या तशा नाहीत. एक आकडा माणसाच्या अंगठ्याने मोजलाय आणि दुसरा मशीनने. कपाळाला हात लावून ताप बघणं आणि थर्मामीटर लावणं यात जेवढा फरक आहे तेवढाच इथेही आहे, आणि हात लावून बघितलेल्या तापावरून कोणी गोळ्या बदलत नाही.

कसं ते सांगते. हँड टाइमिंगमध्ये स्टॉपवॉचवाला फिनिश लाइनला उभा असतो. बंदूक शंभर मीटर लांब वाजते, त्याला ती कळून अंगठा दाबला जाईपर्यंत थोडा वेळ जातोच, म्हणजे घड्याळ उशिरा सुरू होतं. शेवटी मात्र पोरगी समोरून येताना दिसत असते, त्यामुळे अंगठा बरोबर वेळेवर दाबला जातो, कधी कधी तर किंचित आधीच. उशीर सुरुवातीला झाला आणि शेवटी झाला नाही, म्हणजे टाइम कमीच दिसणार. यात त्या माणसाची लबाडी काही नाही, माणसाचं शरीरच असं आहे. म्हणूनच अॅथलेटिक्समध्ये जुना हिशोब आहे की शंभर-दोनशेच्या हँड टाइमची इलेक्ट्रॉनिक टाइमशी तुलना करायची असेल तर त्यात ०.२४ सेकंद मिळवायचे. तुमच्या पोट्टीचे १२.४ झाले १२.६४, आणि अजून आपण पुण्याला पोचलोसुद्धा नाही.

आणि हा ०.२४ चा हिशोबही सगळं नीट झालं असेल तरचा आहे बरं का. टाइमकीपरने बंदुकीचा धूर बघून घड्याळ सुरू करायचं असतं, आवाज ऐकून नाही. आवाजाला शंभर मीटर यायला पाव सेकंदापेक्षा जास्त लागतो, तर आपल्याकडे शाळा-तालुक्याच्या स्पर्धेत बऱ्याचदा बंदुकीऐवजी क्लॅपर (आपटून आवाज करायच्या लाकडी फळ्या) असतो नाहीतर शिट्टी, टाइमकीपर कान देऊन उभे, म्हणजे अजून पाव सेकंद गायब. मग ग्राउंड. फक्की मारून आखलेला ट्रॅक, टेप जरा ढिला धरला आणि लाइन एक मीटर इकडे पडली तर तिच्या स्पीडला तेवढ्यातच साधारण ०.१२ सेकंद गेले. शिवाय ऑक्टोबरच्या त्या दिवशी वारा कुठून वाहत होता ते कोणालाच माहीत नाही कारण कोणी मोजलाच नाही. मी असं म्हणत नाहीये की जिल्ह्याचा निकाल खोटा होता, ती पहिली आली ते पक्कंच आहे, सगळ्या पोरी त्याच घड्याळात, त्याच वाऱ्यात, त्याच फक्कीवर पळाल्या होत्या. नंबर खरा आहे, पेढे बरोबर वाटले. फक्त तो १२.४ पुण्याला सोबत नेण्यासारखा नव्हता.

हे फक्त गल्लीतल्या स्पर्धांचं आहे असंही समजू नका. मिल्खा सिंग १९६० साली रोमला चारशे मीटरमध्ये चौथे आले, तेव्हाचा त्यांचा अधिकृत हँड टाइम ४५.६ आणि त्याच रेसचा इलेक्ट्रॉनिक टाइम ४५.७३. रेस एक, माणूस एक, आकडे दोन. पुढे १९९८ मध्ये परमजीत सिंगने कोलकात्याला ४५.७० काढला, आता तुम्हीच बघा, ४५.७३ धरला तर मिल्खांचा विक्रम मोडला आणि ४५.६ धरला तर नाही मोडला. आपल्या देशातल्या एवढ्या मोठ्या नावाच्या बाबतीत हे होतं तर अकरावीतल्या पोरीचं काय घेऊन बसलात.

आता तो -१.७. हा त्या कागदावरचा सगळ्यात कामाचा आकडा आहे आणि नेमका तोच तुम्हाला कोणी सांगितला नाही याचं मला खरंच वाईट वाटलं. तो वारा आहे. ट्रॅकच्या बाजूला विंड गेज लावतात, शंभर मीटरला बंदूक वाजल्यापासून दहा सेकंद वारा मोजतात आणि सरासरी लिहितात, मीटर प्रति सेकंदात. अधिक म्हणजे पाठीमागून, उणे म्हणजे तोंडावर. तुमची मुलगी सेकंदाला १.७ मीटरच्या वाऱ्याला तोंड देत पळाली.

पाठचा वारा सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त असेल तर शंभर, दोनशे, लांब उडी अशा प्रकारांत विक्रम धरतच नाहीत. टायसन गे २००८ मध्ये अमेरिकेच्या ऑलिम्पिक निवड स्पर्धेत ९.६८ पळाला, तेव्हाच्या विश्वविक्रमापेक्षा फास्ट, पण पाठीशी ४.१ चा वारा होता म्हणून तो टाइम विक्रमाच्या यादीत गेलाच नाही. उसेन बोल्टच्या २००९ च्या बर्लिनच्या ९.५८ शेजारीसुद्धा वारा लिहिलेला असतो, +०.९. आणि बायकांचा शंभर मीटरचा विश्वविक्रम, फ्लोरेन्स ग्रिफिथ जॉयनरचा १९८८ चा १०.४९, त्याच्यावर तर आजपर्यंत वाद आहे कारण तिच्या रेसचा विंड गेज शून्य दाखवत होता आणि त्याच वेळी शेजारी तिहेरी उडीच्या ठिकाणी ४.३ वारा दिसत होता. म्हणजे वारा ही पळणाऱ्यांच्या जगात केवढी मोठी गोष्ट आहे ते बघा, आणि आपण घरी पोरीला विचारतोय की मन लावून का नाही पळलीस.

साधारण हिशोब असा की वरच्या दर्जाच्या धावपटूला २ मीटरचा पाठचा वारा एक दशांश सेकंद देतो आणि तेवढाच समोरचा वारा त्याहून थोडा जास्त खातो. जास्त का, तर हवेचा अडथळा स्पीडच्या वर्गाने वाढतो. सेकंदाला ९ मीटर पळणाऱ्याला वारा नसताना ९ चा वर्ग ८१, समोरून २ मीटर वारा असेल तर ११ चा वर्ग १२१, पाठून असेल तर ७ चा वर्ग ४९. तोट्याला ४० आणि फायद्याला ३२. सायन्सला आहे ना ती, तिलाच हे गणित करू द्या, मला वाटतं पुण्याहून आल्यापासून तिला पहिल्यांदा जरा बरं वाटेल.

तर १२.९४ मधून समोरच्या वाऱ्याचा एक दशांशाच्या आसपासचा भुर्दंड काढला की उरतात १२.८ च्या थोडे पुढे. तिकडे १२.४ चे झालेच होते १२.६४, आणि त्यात आवाजाचा, टेपचा, न मोजलेल्या वाऱ्याचा हिशोब धरलेलाच नाही. अर्धा सेकंद म्हणत होतो तो उरला दीड-दोन दशांश, आणि तेवढा रात्रभराच्या गाडीत, झोप न होता, नवीन ट्रॅक, पहिल्यांदाच स्टार्टिंग ब्लॉकमागे बंदुकीचा आवाज देणारा तो स्पीकर, यात कुठेही जाऊ शकतो. ती स्लो झाली असा पुरावा तुमच्या हातात नाहीये ताई. फास्ट झाली असाही नाही, ते पण सांगते. एवढ्यावरून काहीच ठरवता येत नाही, हेच खरं उत्तर आहे.

काकांच्या उंचीच्या मुद्द्याचं दोन वाक्यांत आटपते. पुणं नागपूरपेक्षा अडीचशे मीटर वगैरे उंच आहे, आणि शंभर मीटरला उंचीचा त्रास नाही, उलट फायदा होतो, हवा विरळ म्हणून अडथळा कमी. १९६८ ला मेक्सिको सिटीत, २,२४० मीटर उंचीवर, जिम हाइन्सने ९.९५ काढला तो विक्रम १९८३ पर्यंत टिकला आणि तेव्हा तो मोडला तोही कोलोरॅडोच्या डोंगराळ भागात, उंचावरच. पुण्याच्या उंचीने फरक पडलाच असेल तर सेकंदाच्या शंभराव्या भागाचा, तोही तिच्या बाजूने.

थंडीचं मात्र बघा. डिसेंबरमध्ये हीट सकाळी सकाळी असते, अंग गार असतं, संध्याकाळी शरीराचं तापमान थोडं वर असतं आणि बहुतेक स्प्रिंटर तेव्हा जास्त चांगले पळतात. आपल्या नागपूरच्या पोरांना उन्हाची सवय, चार राउंड मारले की घाम, झालं वॉर्मअप. थंडीत तेवढ्याने होत नाही. जास्त वेळ लागतो, आणि मग कॉल रूममध्ये, म्हणजे रेसआधी हजेरी घेतात त्या खोलीत, अर्धा तास बसवून ठेवतात त्यात ते पुन्हा गार पडतं, तर ट्रॅकसूट शेवटपर्यंत अंगावर ठेवायचा आणि जागेवर उड्या मारत राहायचं. मेमध्ये याच्या उलट, शंभर मीटरच्या बारा सेकंदांत ऊन काही बिघडवत नाही, गरम हवा विरळ असते म्हणून किंचित मदतच होते, पण दोन रेसच्या मधले चार तास पोरगी ४४ डिग्रीत बिनासावलीची बसली तर दुसऱ्या रेसमध्ये पाय चालणार नाहीत. छत्री, पाणी, मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी, हे तुम्ही आईबापांनी सांभाळायचं, कोच सर पंधरा पोरांमागे पळत असतात.

आता ती चिडते त्याबद्दल. तुम्ही लिहिलंय "टाइम विचारला की चिडते". ताई, मग टाइम विचारू नका ना काही दिवस. मला तुमच्या पत्रात एक गोष्ट कुठेच दिसली नाही, ती काय म्हणते. बाबा काय म्हणतात आहे, काका काय म्हणतात आहे, अकॅडमीवाला काय म्हणतो तेही आहे. रेस कशी वाटली, स्टार्ट कसा झाला, साठ मीटरनंतर काय झालं, शेजारच्या लेनमधली कधी पुढे गेली, हे तिला विचारलं का कोणी? पळणाऱ्याला हे सगळं आठवत असतं. मन लावून पळली नाही हा शक आहे तो तिच्यापर्यंत पोचलाच असणार, न बोलता पण पोचतो, आणि जी पोरगी पुण्याहून येऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा ग्राउंडवर गेली तिच्यावर तो घ्यायचं मला काही कारण दिसत नाही.

सोळाव्या वर्षाचं अजून एक आहे जे मुलींच्या आयांनी ऐकलंच पाहिजे. तेरा-चौदाला पोरी दर सीझनला भराभर सुधारतात आणि मग पंधरा ते सतराच्या मध्ये कितीतरी जणींचा टाइम तिथेच थांबतो, कारण शरीर बदलत असतं, वजन, कंबर, पाळी, सगळं नव्याने जुळवून घ्यावं लागतं. नेमक्या त्याच वर्षी दहावी-अकरावी-बारावी येते आणि घरचे म्हणतात बघ, सुधारत नाहीये, सोड. कितीतरी पोरी अशाच सुटतात, आणि मला याची चीड येते. एकदा हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या, आपल्याकडे या वयातल्या मुलींमध्ये लोह कमी असणं फार कॉमन आहे आणि त्याने प्रॅक्टिसमध्ये थकवा येतो, तो आळस वाटतो. पाळी फार अनियमित असेल किंवा बंद झाली असेल तर खेळामुळे होतं म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरकडे जा. आणि "वजन कमी कर" असं तिला कोणी सांगत असेल, कोच असो की कोणी, तर ते आधी थांबवा.

आता तो तीन महिन्यांत अर्धा सेकंद. तुमच्या लक्षात आलंच असेल. त्याला पोरीला फास्ट करायची गरजच नाही, स्टॉपवॉच हातात घेऊन पाठच्या वाऱ्याला उभा राहिला की १२.९४ चे १२.४ त्याच दुपारी होतात. प्रॅक्टिसमध्ये तर काही जण बंदुकीऐवजी पोरीच्या पहिल्या हालचालीवर घड्याळ सुरू करतात, मग रिअॅक्शनचा वेळही गेला, बोल्टलासुद्धा बर्लिनला ०.१४६ लागले होते. तो माणूस तसा आहे असं मी म्हणत नाही, मी त्याला ओळखत नाही. पण त्याला हे विचारा: तुमच्याकडच्या मुलींचे गेल्या दोन वर्षांतले इलेक्ट्रॉनिक टाइम दाखवा, स्पर्धेतले, वाऱ्याच्या आकड्यासकट. ज्या मुली तुमच्याकडून सोडून गेल्या त्या का गेल्या. हॉस्टेलला बाई वॉर्डन आहे का, कॉलेजचं काय, दुखापत झाली तर कोण बघतं, पावडर-गोळ्या काही देता का, देत असाल तर डबा दाखवा. शेवटच्या प्रश्नावर टाळाटाळ झाली तर तिथेच उठून या, कारण नाडाच्या, म्हणजे उत्तेजक औषधं पकडणाऱ्या सरकारी संस्थेच्या टेस्टमध्ये सापडली तर "सरांनी दिलं" हे कारण चालत नाही, शिक्षा खेळाडूलाच होते.

माझं मत विचारलंत तर या वर्षी पुण्याला पाठवू नका, थांबवूही नका. इथे मानकापूरला सिंथेटिक ट्रॅक आहे, तिथे आठवड्यातून एक-दोनदा स्पाइक्स (खिळ्यांचे बूट) घालून सराव करू द्या, म्हणजे पुढच्या वेळी बालेवाडीला पायाखालची जागा अनोळखी वाटणार नाही. बाकी दिवस तिचं नेहमीचं ग्राउंड चालेल, मऊ मातीवर पायही वाचतात. सिंथेटिकला सहा मिलिमीटरचे छोटे खिळे लागतात, मातीवाले लांब खिळे तसेच नेऊ नका, आत घेणार नाहीत. महागड्या कार्बन प्लेटवाल्या स्पाइक्सची घाई नको, पाय अजून बनतोय, आणि ते पैसे दोन चांगल्या स्पर्धांच्या तिकिटाला जास्त कामी येतील. पुण्यालाच जायचं असेल तर उन्हाळ्याच्या सुट्टीत तीन-चार आठवड्यांच्या कॅम्पला पाठवून बघा, परत आली की तिचं तिलाच कळेल तिथे राहवेल की नाही.

एक वही करायला सांगा तिला, तिचीच, तुम्ही उघडायची नाही. प्रत्येक टाइमसमोर हँड की इलेक्ट्रॉनिक, वारा, माती की सिंथेटिक, सकाळ की संध्याकाळ, झोप किती झाली, पाळीचा कितवा दिवस. विंड गेज नसेल तर फिनिशच्या खांबाला एक रिबीन बांधा, निदान वारा समोरून की पाठून ते कळतं. दोनशेचा टाइम लिहिताना लेनही लिहायची, आतल्या लेनला वळण जास्त घट्ट असतं, आणि दोनशेचा वारा फक्त शेवटच्या सरळ भागात मोजतात, वळणावर काय होतं ते कागदावर येतच नाही. घरच्या ट्रायलला तीस मीटरच्या दोन खुणा करा, ते तीस मीटर पळत येऊन मारायचे, आणि एकच मोबाईल लांबून दोन्ही खुणा दिसतील असा स्टँडवर लावून स्लो मोशनमध्ये शूट करा, मग पहिल्या खुणेपासून दुसरीपर्यंतचा वेळ त्यात बघायचा. त्यात बंदूक नाही, रिअॅक्शन नाही, अंगठा नाही. दर महिन्याला एकदा, शक्यतो वारा पडलेला असताना. तो आकडा कमी होत गेला तर ती फास्ट होतेय, बालेवाडीच्या कागदावर काहीही असो.

आणि त्या कागदावरचंच अजून एक काम राहिलंय तुमचं. तिच्या हीटमधल्या बाकीच्या मुलींची नावं तिथे आहेत, त्यांचे इतर स्पर्धांतले इलेक्ट्रॉनिक टाइम कोच सरांकडून शोधून घ्या. त्या पण त्या दिवशी आपल्या नेहमीच्या टाइमपेक्षा एखाद दशांश मागे पळाल्या असतील तर वाऱ्याचा प्रश्न मिटला. त्या नेहमीसारख्या पळाल्या आणि हीच मागे पडली तर स्टार्टमध्ये किंवा प्रवासात काहीतरी बिघडलंय, ते दुरुस्त होतं.

बाबांच्या नीटच्या काळजीला मी नाही म्हणत नाही, ती खरी काळजी आहे, घर चालवणाऱ्या माणसाला तेच दिसतं. पण आठवड्याला सात-आठ तासांच्या प्रॅक्टिसने नीट जात नाही, आणि बारावीच्या ग्रेस मार्कांना, खेळाडूंच्या आरक्षणाला प्रमाणपत्रावरचा नंबर आणि पातळी बघतात, ते कोणत्या स्पर्धेचं चालतं ते कॉलेजच्या क्रीडा शिक्षकांना विचारून ठेवा. बारावीच्या जानेवारीपासून प्रॅक्टिस अर्धी करायची असं तिघांनी बसून आत्ताच ठरवा, तिच्या तोंडून वदवून घ्या म्हणजे नंतर भांडण नको.

बाबांना हे सगळं समजावत बसू नका, एका रविवारी ग्राउंडवर घेऊन जा. त्यांच्या हातात एक स्टॉपवॉच, तुमच्या हातात एक, काकांना पण बोलवा, त्यांच्या हातात एक. ती एकदाच पळेल आणि तिघांनी एकमेकांना न विचारता आपापला आकडा कागदावर लिहायचा. मग तिला उलट्या दिशेने पळायला लावा आणि पुन्हा लिहा. मधे दहा-पंधरा मिनिटं आराम द्या तिला, पाणी सोबत न्या, आणि आठच्या आत उरका, नंतर वारा आणि क्रिकेटवाले पोट्टे दोन्ही येतात.